स्पिरुलिना काढणी: कापड तुंबतंय, गाळलेलं पाणी निळं येतंय. कमी विजेत नीट कसं काढायचं?

दूधगंगा_काठ

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात स्पिरुलिनाच्या (खायच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) तीन टाक्या चालवालोय. टाकी १० मीटर बाय ३ मीटर, पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे टाकीमागं ६,००० लिटर. वर पॉलिशीट, आत पॅडल. पाणी खायच्या सोड्याचं (बायकार्बोनेट), पीएच १०.२ च्या आसपास.

सध्याची पद्धत अशी: काठीला लावलेली पांढरी चकती २ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की अर्धी टाकी सबमर्सिबल पंपानं उपसायची आणि ५० मायक्रॉनच्या नायलॉन बोल्टिंग कापडातनं गाळायची. मग बोअरच्या पाण्यानं बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायचं, कापडात बांधून रात्रभर टांगायचं, सकाळी ड्रायरमध्ये. टाकीची पाळी साधारण पंधरवड्यानं येते.

अडचणी:
१. कापड दहा-पंधरा मिनिटांत तुंबतं, वर चिकट साय धरते.
२. गाळलेलं पाणी निळसर येतं.
३. माल लवकर वाळत नाही, वाळला तरी वास येतो. हीटरचं बिल परवडत नाही.

एका विक्रेत्यानं सेंट्रीफ्यूज घ्या म्हणून सांगितलंय. वीज कमी, पाणी परत वापरता येईल आणि केमिकल नको, असा मार्ग हवा. माल खाण्यासाठीच जातो.

---

हरितद्रव्य

सेंट्रीफ्यूजचा विचार सोडा. ते यंत्र क्लोरेला ह्या हिरव्या शेवाळासाठी. क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रॉनची, गोल; ती कापडावर थांबत नाही म्हणून यंत्र लागतं. स्पिरुलिनाचे धागे शंभर ते पाचशे मायक्रॉन लांब, पिळाचे. निसर्गानंच ते गाळण्याजोगे केलेत. हिशेबही बघा की: टाकीत लिटरमागं अर्धा ग्रॅम सुका माल असेल तर एक किलोसाठी २,००० लिटर पाणी यंत्रातनं जाणार. चांगल्या सेंट्रीफ्यूजलाही घनमीटरमागं एक युनिट लागतं, बऱ्याचदा कितीतरी जास्त. म्हणजे किलोमागं निदान दोन युनिटं, आणि तेही वाळवणीच्या आधीच. तेच २,००० लिटर उतारानं कापडावर सोडलं तर वीज लागते ती फक्त गाळलेलं पाणी वर चढवायला, ती किरकोळ.

आता निळं पाणी. निळा रंग फायकोसायनिनचा. तो पेशीच्या आत असतो, पाण्यात आला म्हणजे पेशी फुटल्या. कुठं फुटल्या ते शोधायला धुण्याआधीचं गाळलेलं पाणी एका काचेच्या ग्लासात घ्या, धुतल्यानंतरचं दुसऱ्यात, आणि दोन्ही पांढऱ्या कागदापुढं धरा. पहिल्यातच निळं असेल तर दोष पंपाचा किंवा म्हाताऱ्या कल्चरचा (टाकीतल्या वाढत्या शेवाळाचा). फक्त दुसऱ्यात असेल तर धुण्याचा. हे धागे खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढलेले; गोड पाण्यात जास्त वेळ राहिले की पाणी आत ओढतात, फुगतात आणि फुटतात. पाणी निळं नसून हिरवं येत असेल तर गोष्ट वेगळी. धागे तुटून आखूड झालेत किंवा पीळ जाऊन सरळ झालेत. सरळ धागा जेमतेम ८ मायक्रॉन जाडीचा, तो ५० च्या भोकातनं उभा निसटतो. सूक्ष्मदर्शकाच्या १० पट लेन्सखाली एक थेंब बघितला की कळतं. असं असेल तर ३० मायक्रॉनचं कापड तात्पुरता उपाय, पण खरा उपाय पिळाचं नवं बियाणं.

सबमर्सिबल आजच बंद करा. पंख्याच्या मारानं धागे तुटतात. कल्चर सायफननं किंवा तळाच्या व्हॉल्व्हमधनं उतारानं कापड ताणलेल्या चौकटीवर यावं, चौकटीखालच्या हौदातलं गाळलेलं पाणी पंपानं टाकीत परत जावं. त्या पाण्यात धागेच नसल्यानं साधा पंप चालतो. कल्चर पंपानंच वर चढवायचं असेल तर डायफ्रॅम किंवा मोनो (स्क्रू) पंप.

कापडावरची चिकट साय ही खरी तक्रार आहे. तिचं मूळ कापडात नाही, टाकीत आहे. नत्र कमी पडलं आणि ऊन भरपूर असलं की स्पिरुलिना प्रथिनं करण्याऐवजी साखरेचा चिकट स्राव बाहेर सोडते. तुमच्या काढणीच्या पद्धतीनं हे ओढवून घेतल्यासारखं झालंय. चकती २ सेंटिमीटरवर म्हणजे लिटरमागं ढोबळ ०.८ ग्रॅम. इतक्या दाट टाकीत खालच्या थराला उजेडच नाही. मग एकदम अर्धी टाकी काढून गाळलेलं पाणी परत सोडलं की दाटपणा ०.४ वर येतो आणि सावलीला सवकलेल्या धाग्यांवर भर ऊन पडतं.

टाकीचं क्षेत्र ३० चौरस मीटर. दिवसाला चौरस मीटरमागं ६ ग्रॅम वाढ धरली तर टाकीमागं १८० ग्रॅम. ०.५ ग्रॅमच्या दाटपणाला ते ३६० लिटरमध्ये असतं. तेवढंच रोज काढा, नाहीतर दिवसाआड ७००. चकती ३ सेंटिमीटरवर असताना सुरू करा आणि ४ च्या पलीकडं गेली की थांबा.

वेळ पहाटेची. रात्रभरात धागे साठवलेली साखर खर्च करतात, म्हणून सकाळी प्रथिनाचं प्रमाण जास्त असतं आणि धागे हलके होऊन वर तरंगतात. उजाडायच्या सुमारास पॅडल तासभर बंद ठेवलं तर वर दाट साय येते. तीच वरच्यावर चौकटीवर घ्या, गाळायचं पाणी कितीतरी कमी होईल. ऊन चढायच्या आत पॅडल परत सुरू. मात्र रोज फक्त वरचीच साय काढू नका, न तरंगणारे धागे टाकीत साठत जातात.

काढलेल्या मालाबरोबर खत टाकीबाहेर जातं, ते भरून द्यायला हवं. एक किलो सुक्या मालात साधारण १०० ग्रॅम नत्र असतं. त्यासाठी ६०० ग्रॅम सोडियम नायट्रेट, ५५ ते ६० ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, ३० ते ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ५ ग्रॅम फेरस सल्फेट, हे शेवटचं सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात विरघळवून. युरिया स्वस्त पडतो, २२० ग्रॅममध्ये तेवढंच नत्र मिळतं. पण सोसायटीतला युरिया २०१५ पासून सगळाच नीम कोटेड आहे, तो खाण्याच्या टाकीत नको. शुद्ध युरिया मिळालाच तर रोज थोडा थोडा, टाकीमागं ४० ग्रॅमच्या आसपास. पीएच १० ला त्याचा बराचसा अमोनिया होतो आणि एकदम जास्त पडला तर कल्चर एका रात्रीत पिवळं पडतं.

---

उद्यमबाग_फिटर

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त दाबाचं सांगतो, कारण ड्रायरचं बिल तिथंच ठरतंय.

रात्रभर टांगून ठेवणं पहिलं बंद करा. ओला माल गरमीत दोन-तीन तासांच्या वर पडला की आंबतो, तुमचा वास तिथनं येतोय. टांगून निथळला तरी त्यात घट्ट माल १० टक्केच. म्हणजे एक किलो सुक्यासाठी ९ किलो पाणी उडवायचं. दाबून २० टक्क्यांवर आणला तर ४ किलोच. एक किलो पाण्याची वाफ करायला नुसत्या हिशेबानं ०.६३ युनिट, खऱ्या ड्रायरमध्ये एकाच्या वर. किलोमागं पाच-सहा युनिटं प्रेसनंच वाचली बघा.

पण प्रेस म्हटलं की लोक ५ टनाचा जॅक आणतात. चुकीचं आहे. दाब जास्त झाला की लगदा कापडातनंच बाहेर येतो, नाहीतर पेशी फुटून निळं गळतं. लागतो तो चौरस सेंटिमीटरला ०.१५ किलो, शेवटी ०.३.

तुमच्या तीन टाक्यांचे दिवसाला ५४० ग्रॅम सुके, म्हणजे दाबलेली वडी २.७ किलो. त्याला ३५ बाय ३५ सेंटिमीटरची पेटी पुरते, वडी अडीच सेंटिमीटरच्या आतच बसते. त्याच्यापेक्षा जाड वडी केली तर मधलं पाणी बाहेरच येत नाही. पेटीची उंची १० सेंटिमीटर तरी ठेवा, दाबायच्या आधी लगदा दुप्पट असतोय. क्षेत्र १,२२५ चौरस सेंटिमीटर, ०.१५ नं गुणलं की १८४ किलो. पाच पट भुजेचा तरफ केला तर टोकाला ३७ किलो टांगलं की झालं. त्या जागी ५ टनाचा जॅक पूर्ण दाबला तर ४ किलोच्या वर दाब पडेल, लागतो त्याच्या पंचवीस-तीस पट.

पेटी आणि जाळी ३०४ स्टेनलेसची, ३ मिलिमीटर भोकं. साध्या लोखंडाला रंग मारून देतो म्हणणारे भेटतील, नको. हे पाणी रंग उचलतंय आणि पोपडे मालात येतात. आत नायलॉन कापड, बाहेरून मांजरपाटाचं जाड कापड, नाहीतर नायलॉन भोकात ओढून फाटतं. वजन एकदम टाकू नका. पहिली पाच मिनिटं नुसतं झाकण, मग अर्धं वजन, मग पूर्ण, १५ मिनिटं. गळणारी धार थेंबावर आली की वजन दुप्पट करून आणि पाच-दहा मिनिटं. वडी हातानं मोडली तर ताज्या खव्यासारखी तुटायला पाहिजे. बोटाला चिकटली तर आणि दाबा.

---

दूधगंगा_काठ

सर, दोन ग्लासांची परीक्षा केली. धुण्याआधी किंचित निळं, धुतल्यावर गडद. म्हणजे दोन्ही दोष दिसतात. मग धुवायचंच नाही काय? सोडा मालात राहिला तर चव जाणार.

आणि दुसरं, बोअरचं पाणी टाकलं की टाकीत पांढरी भुकटी बसते, ती मालात येते.

---

हरितद्रव्य

धुणं प्रेसच्या आधी, झटपट. लगदा चौकटीवर पातळ पसरायचा, त्याच्याएवढ्याच वजनाचं पाणी झारीनं फवारायचं आणि लगेच पेटीत भरायचं. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुतलं तर पेशीच जातात. उरलेला सोडा दाबानं जातो. पाण्यात लिटरमागं १० ग्रॅम बायकार्बोनेट असेल तर १० टक्क्यांच्या लगद्यात किलो सुक्या मालामागं ९० ग्रॅम सोडा अडकतो. २० टक्क्यांच्या वडीत ४० च्या आत, आणि आधी फवारा मारलेला असला तर त्याहून बराच कमी. ते फवाऱ्याचं पाणी टाकीत परत घ्यायला हरकत नाही, नाहीतरी वाफेनं उडालेलं भरायचं असतंच. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तर ९० चौरस मीटरमागं ४५० लिटर.

भुकटीचं अथणीकडचे लोक जास्त चांगलं सांगतील.

---

अथणी_पूर्व

ती भुकटी चुन्याची. काळ्या रानातल्या बोअरला कॅल्शियम भरपूर, पीएच १० च्या सोड्याच्या पाण्यात पडलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. नुसतं बसलं असतं तर चाललं असतं, पण ते फॉस्फेटही घेऊन बसतं आणि मालाची राख वाढवतं. चपातीत रेती लागावी तसं दाताखाली येतं.

उपाय टाकीबाहेर करायचा. वेगळ्या पिंपात बोअरचं पाणी घ्या, धुण्याचा सोडा घाला, ढवळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं निवळ टाकीत, खालचा साका बाहेर. किती सोडा ते पाण्यावर: एक लिटरच्या पाच बाटल्यांत ०.२, ०.४, ०.६, ०.८, १ ग्रॅम घालून ठेवायचं, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून त्यात आणखी चिमूट सोडा टाकायचा. ज्यात परत पांढरं होत नाही ते प्रमाण. निपाणी-चिकोडीकडं पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं काही नाही, फवाऱ्याला तेच वापरा.

कापडातली भोकंही ह्याच चुन्यानं हळूहळू बुजतात. चिकट साय निघायला कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, आणि आठवड्यातनं एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, लिटरला १० ग्रॅम. दोन्ही एकत्र नको, एकमेकांना मारतात. कापडाचे दोन संच ठेवा, एक वाळत असताना दुसरा कामाला.

आता जे कुणी विचारत नाही ते. गाळलेलं पाणी परत वापरता, चांगलंच आहे, पण ते कायम चालत नाही. त्यात स्राव, तुटलेल्या पेशी आणि त्यांच्यावर जगणारे जीव साठत जातात. पाणी चहासारखं पिवळं दिसायला लागलं, फेस मोडेना झाला की समजायचं. तेव्हा सगळं फेकू नका. थोडं थोडं काढून झाकलेल्या अंधाऱ्या टाकीत पंधरा-वीस दिवस ठेवा. जिवाणू त्यातली घाण खातात, गाळ खाली बसतो, वरचं पाणी बारीक कापडातनं गाळून परत कामाला येतं. जे खरोखरच टाकायचं ते उसात सोडायचं नाही. लिटरमागं १० ग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे निव्वळ सोडियम. काळ्या जमिनीत मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत तो रोग आधीच आहे, आपण भर घालायला नको. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हानं आटवायचं.

---

जांभा_खानापूर

ह्याच चर्चेत विचारतो. गोबरगॅसच्या स्लरीचं वरचं पाणी पातळ करून त्यात हिरवं शेवाळ वाढवालोय, बहुतेक क्लोरेला आणि सेनेडेस्मस. खायला नाही, शेतात खत म्हणून घालायचंय. कापडातनं सगळंच खाली जातं. शेवग्याच्या बियांनी खाली बसतं म्हणतात, खरं काय?

---

हरितद्रव्य

खरं आहे, पण तुमच्याच पाण्याला. शेवग्याच्या बीत धनभारित प्रथिन असतं, शेवाळाच्या पेशीवर ऋणभार असतो. भार मारला गेला की पेशी एकमेकींना चिकटून गोळे बसतात. हे साधारण ७-८ पीएचला चालतं. पीएच १० च्या वर त्या प्रथिनाचा भारच संपतो, म्हणून स्पिरुलिनाला ह्याचा उपयोग नाही. कुणी वरच्या टाक्यांत घालून बघू नका.

कृती: पक्क्या, वाळलेल्या शेंगांचं बी, टरफल काढून फक्त पांढरा गर कुटायचा. १० ग्रॅम भुकटी एक लिटर स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं ढवळून फडक्यातनं गाळायची. एक लिटर कल्चरच्या पाच बरण्यांत ह्या पाण्याचे ५, १०, २०, ४० आणि ८० मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, मग तास-दीड तास हात लावू नका. जिथं वरचं पाणी निवळलं त्यातलं सगळ्यात कमी प्रमाण घ्या. जास्त घातलं तर पेशींवर उलटा भार चढतो आणि गोळे परत सुटतात. द्रावण रोज ताजं, शिळं आंबतं. तेल काढलेली पेंड असेल तर उत्तम, तेल गेल्यानं वरचं पाणी कमी घाण होतं.

दुसरा मार्ग विरलेल्या चुन्याचा. पीएच १०.८ ते ११ वर नेला की पाण्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसताना शेवाळ घेऊन बसतं. ह्याला पाण्यात मॅग्नेशियम असावं लागतं, आणि खानापूरचं जांभ्यातलं पाणी मऊ. म्हणून पाच लिटरच्या बादलीत आधी करून बघा. चुना घालूनही पाणी ढगाळच राहिलं तर लिटरमागं ०.१-०.२ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून परत. चुना मिसळलेला साका तुमच्या आंबट जांभ्या जमिनीला चालेल, अथणीच्या चुनखडी रानात मी घालणार नाही. वरचं पाणी टाकीत परत घ्यायच्या आधी हवा सोडून पीएच ८.५ च्या खाली आणा.

तुरटीनं झटकन बसतं हे खरं, पण ॲल्युमिनियम सगळं साक्यात येतं. जनावरांच्या खाद्यात तर मुळीच नको.

कुठल्याही मार्गानं बसलेला साका दोन-अडीच टक्क्यांचा असतो, म्हणजे पाणी पन्नासेक पटीनं कमी झालं. पुढं वाळूच्या वाफ्यावर पसरला की निथळतो. आणि तलावावरची हिरवी साय कुणी ह्या पद्धतीनं काढून जनावराला घालायच्या विचारात असेल तर थांबा. त्यात मायक्रोसिस्टिस नावाचं शेवाळ असू शकतं, ते यकृताला विषारी.

---

दूधगंगा_काठ

तरफेची पेटी करायला टाकतो. शेवटचं, पावसाळ्यात वाळवायचं कसं? जवळ गुऱ्हाळ आहे, त्याची धग वापरता येईल काय?

---

अथणी_पूर्व

गुऱ्हाळ दिवाळीच्या पुढं चालू होतं आणि उन्हाळ्यात बंद. तुम्हाला धग लागणार जून ते सप्टेंबर. त्याच्यावर बेत करू नका.

पावसातली हवाही वाळवते, गरम केली की. २५ अंशांची ९० टक्के दमट हवा ४५ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. म्हणजे अथणीच्या उन्हाळ्यासारखी हवा. बगॅस (उसाची चिपाडं) किंवा काटक्यांची भट्टी चालेल, पण धूर पत्र्याच्या नळीतनं बाहेर आणि हवा नळीच्या बाहेरून फिरवायची. धुराचा मालाला स्पर्श झाला की माल खाण्याजोगा राहत नाही. ५० अंशांच्या वर नेऊ नका, निळा रंग आधी जातो. उघड्या उन्हातही ठेवू नका, सोलर ड्रायरला काळं झाकण.

वडी सोऱ्यातनं दीड-दोन मिलिमीटरच्या शेवेसारखी जाळीवर पाडा, चौरस मीटरला किलो-दीड किलो ओला माल. एकावर एक थर नको. पहिल्या तासात हवा जोरात पाहिजे, उष्णता नंतर. उलटं केलं तर बाहेरून कडक साल धरते, आत ओल राहते आणि डब्यात आठवडाभरात बुरशी. शेव वाकवली तर कट्‌ करून तुटायला पाहिजे, वाकली तर परत आत. थंड झाल्याबरोबर, त्याच तासात, हवाबंद अपारदर्शक पिशवीत भरायची. पावसाळ्यात ताट तसंच उघडं ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत शेव मऊ.